साय

या शहराच्या नावाचा अर्थ होडी,
आणि नदी कुठं दिसत नाही.
गिरण्या आल्या तेव्हा नद्यांना नळांत घालून
वर रस्ते केले. अजून वाहतात म्हणे,
ट्रॅमच्या रुळांखालून, कुणाला न विचारता.

मी वूचमध्ये माणसांचं रक्त काढते.
सकाळी सात ते साडेदहा, खिडकी क्रमांक दोन.

पानी लुदगार्दा आल्या त्या शुक्रवारी
(इथं बाईमाणसाला पानी म्हणतात;
न नळाचा, ण बाणाचा नव्हे).
आदला दिवस तुपट गुरुवार:
मोठा उपास लागण्याआधी सगळं गाव
चरबीत तळलेल्या पोंच्की खातं,
न खाणाऱ्याचं वर्ष वाईट जातं.
"किती?" मी विचारलं.
"चार. पण संध्याकाळी सहाच्या आत.
नंतर नुसतं पाणी. शप्पथ."

डावा पाय त्यांनी स्टुलावर ठेवला,
ठेवला म्हणजे दोन्ही हातांनी उचलून,
झोपलेलं मूल ठेवावं तसा.
एकतीस वर्षं मोजला जाणारा पाय:
घोटा, पोटरी, गुडघ्याच्या वर चार बोटं.
टेप गुंडाळणारे बदलले, पाय तोच.
उमेदीची वर्षं मोज्यांच्या कारखान्यात
दुसऱ्यांच्या पोटऱ्या विणल्या,
आणि आता स्वतःचा मोजा इतका घट्ट
की चढवायला रबरी हातमोजे लागतात.
"धागा बरा आहे," म्हणाल्या, "टाच चुकलीय."

हृदयाचं कुणी विचारलं नव्हतं.
पाय एवढा मोठा, की डॉक्टरांची नजर
मांडीच्या वर चढतच नसे.
जिन्यात धाप लागते? पाय जड आहे.
झोप येत नाही? पायच तो.
छातीत कधी काही?
ते त्यांनीच सांगितलं नाही. अंगावर काढलं.
यंदा एका नव्या डॉक्टरणीनं, वयानं नातीएवढ्या,
कागदावर चार ओळी लिहिल्या:
एकूण कोलेस्टेरॉल. चांगलं. वाईट. ट्रायग्लिसराइड.

नळी यंत्रात फिरवली.
लाल खाली बसलं, आणि वर उरलं
ते गवती पिवळं, आरपार दिसणारं हवं होतं.
दुधाचं भांडं विसळलेल्या पाण्यासारखं होतं.
रात्रभर फ्रीजमध्ये राहू दिली.
शनिवारी वर साय धरली होती.

चार पोंच्कींवर खापर फोडून मोकळं व्हावं,
पण उपासाच्या तिसऱ्या आठवड्यात,
खारवलेली हेरिंग आणि उकडलेले बटाटे खाऊन
परत आल्या. साय नव्हती. गढूळ मात्र होतंच.

तेव्हा मला कॉलेजातली एक आकृती आठवली:
जेवणातली बरीचशी चरबी थेट रक्तात जात नाही.
आधी लसिकेच्या वाटेला लागते,
पांढरी, दुधाळ, मणक्यापुढून वर वर,
मानेच्या मुळाशी, डाव्या अंगाला, रक्तात उतरते,
आणि तिथून हृदय जवळच.
पायाची लसिकाही शेवटी त्याच वाटेला येते.
म्हणजे, येते तेव्हा.

पाय रक्ताला गढूळ करतो, की रक्त पायाला,
की दोघं नुसते एका घरातले भाडेकरू,
मला ठाऊक नाही. डॉक्टरणीलाही नाही;
तसं तिनं कबूल केलं, म्हणून मला आवडली.
गोळ्या मात्र त्याच दिवशी लिहून दिल्या.

पानी लुदगार्दांनी कागदाची घडी घातली.
"म्हणजे इतकी वर्षं चुकीच्या जागी मोजत होते?"
चुकीच्या नाही, मी म्हणाले. एकाच.

हसल्या. पाय उचलला, दोन्ही हातांनी.
दाराशी थांबून छातीवर तळवा ठेवला,
शपथेसाठी नाही,
भिंतीपलीकडे कुणी राहायला आलंय का
बघावं, तसा.

बाहेर ट्रॅम गेली. फरशी किंचित थरथरली,
स्टँडमधल्या नळ्या एकमेकींना लागून किणकिणल्या.
खाली कुठंतरी नदी.